वर्गणी, देणगी आणि बलुते : लहान स्वतंत्र ऑनलाइन सेवेच्या अर्थव्यवहाराचा विचार

ग्रंथ आणि सेवा यांत एक भेद आहे व तो वरवर पाहता क्षुल्लक वाटतो. ग्रंथ एकदा छापला, बांधला आणि ग्रंथालयाच्या फडताळात ठेवला की त्याच्या अस्तित्वासाठी कर्त्याला पुन्हा खर्च करावा लागत नाही. प्रकाशनसंस्था बुडाली, कर्ता निवर्तला, तरी प्रत शिल्लक राहते. ऑनलाइन सेवेचे तसे नाही. सर्व्हरचे भाडे व संकेतस्थळाच्या नावाचे वार्षिक शुल्क थकले की पंधरा वर्षांचे काम एका महिन्यात दिसेनासे होते. मराठीच्या अभ्यासकाला हा भेद आता दुर्लक्षिता येण्याजोगा नाही. कारण कोश, शब्दसंग्रह, जुन्या ग्रंथांच्या संहिता व बोलींचे ध्वनिमुद्रित नमुने ही त्याची नित्याची साधने उत्तरोत्तर सेवेच्या रूपात मिळू लागली आहेत.

जालना जिल्ह्याच्या भोकरदन तालुक्यातील राजूर हे गाव उदाहरणादाखल घेऊ. गणेशाच्या परंपरेने मानलेल्या साडेतीन पीठांत त्याची गणना होते आणि चतुर्थीस, विशेषतः अंगारकीस, तेथे यात्रेकरूंची मोठी गर्दी लोटते. या गावातील एखाद्या विद्यार्थ्यास दाते-कर्वे यांच्या शब्दकोशातील नोंद पाहावयाची असल्यास एके काळी जिल्ह्याचे वा विद्यापीठाचे ठिकाण गाठावे लागे. आज ती नोंद तो हातातील फोनवर पाहतो. परंतु ही सोय कोणाच्या पैशावर उभी आहे, आणि तो पैसा किती दिवस पुरणार आहे, हे त्यास ठाऊक नसते. बहुधा सेवा चालविणाऱ्यासही ते नीटसे ठाऊक नसते, आणि या अज्ञानातच अशा सेवांच्या अकाली अंताचे एक मोठे कारण आहे.

मराठी कोशवाङ्मयाचा इतिहास या दृष्टीने वाचला तर तो अर्थव्यवस्थांचाही इतिहास आहे असे दिसून येते. मोल्सवर्थचा कोश १८३१ मध्ये व त्याची सुधारलेली आवृत्ती १८५७ मध्ये निघाली, ती मुंबई सरकारच्या आश्रयाने. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांच्यामागे असा आश्रय नव्हता. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाची डॉक्टरेट घेऊन परतलेल्या या समाजशास्त्रज्ञाने महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे २३ विभाग सिद्ध केले ते मर्यादित भांडवलाची कंपनी काढून, भाग विकून आणि गावोगाव वर्गणीदार मिळवून. हे काम ज्ञानाचे असले तरी त्याची जमाखर्चाची वही ही त्याचाच एक भाग आहे, असे मानणारे केतकर हे मराठीतील बहुधा पहिले विद्वान होत. या उद्योगाची हकीकतही त्यांनी स्वतः लिहून ठेवली आहे. त्यांच्याच कार्यालयात उमेदवारी केलेल्या यशवंत रामकृष्ण दाते आणि चिंतामण गणेश कर्वे यांनी पुढे तोच मार्ग पत्करला. महाराष्ट्र शब्दकोशाचे सात विभाग १९३२ ते १९३८ या काळात निघाले, पुरवणी १९५० मध्ये निघाली. प्रकाशक होते महाराष्ट्र कोशमंडळ लिमिटेड. ‘लिमिटेड’ हा शब्द कोशाच्या मुखपृष्ठावर आजच्या वाचकास विसंगत वाटतो, पण कोश पुरा होण्यास त्या शब्दाचा हातभार लहान नाही.

हेच कोश आज जगभर ज्या रूपात वापरले जातात ते रूप मात्र शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई डिजिटल ग्रंथालयाने सिद्ध केले. मोल्सवर्थ, दाते-कर्वे, वझे, मॅक्सीन बर्नसन यांचे कोश, तसेच शं. गो. तुळपुळे व ॲन फेल्डहाउस यांचा प्राचीन मराठीचा कोश तेथे शोधता येतो. त्यामागे विद्यापीठ उभे आहे आणि अमेरिकन शासनाच्या शिक्षणखात्याचे अनुदानही मिळाले आहे. इकडे विश्वकोशामागे महाराष्ट्र शासन आहे. म्हणजे टोकाला पाहिले तर एकीकडे शासन वा विद्यापीठ, दुसरीकडे भागभांडवलाची कंपनी. यांपैकी कशाचाही आधार नसलेली, एक-दोन व्यक्तींनी चालविलेली लहान स्वतंत्र सेवा ही तिसरी जात. प्रस्तुत लेखाचा विषय तीच होय.

अशा सेवेचा खर्च कोणता, या प्रश्नाचे उत्तर बहुतेक चालक चुकीचे देतात. ते यंत्राचा खर्च सांगतात. कल्पनेपुरते असे धरू की राजूरच्या परिसरातील बोलीचा ध्वनिमुद्रणांसह शब्दसंग्रह दोघा तरुण अभ्यासकांनी ऑनलाइन उपलब्ध केला आहे. सर्व्हर, नाव, प्रतिलिपी राखण्याची व्यवस्था मिळून वर्षाला १५,००० रुपये लागतात असे समजू. एवढी रक्कम ते दोघे स्वतःच्या खिशातून घालतील, आणि सेवा फुकट चालते असे अभिमानाने सांगतील. परंतु नोंदी तपासणे, पत्रांना उत्तरे देणे, बिघाड दुरुस्त करणे यांत आठवड्याचे दहा तास जात असतील व तासाला २०० रुपये हा माफक दर धरला, तर पन्नास आठवड्यांचे १,००,००० रुपये होतात. खरा खर्च १,१५,००० रुपयांचा आहे. त्यातील जवळजवळ सात-अष्टमांश भाग वहीत कोठेच लिहिलेला नाही. न लिहिलेला खर्च नाहीसा होत नाही. तो लग्न, नोकरी, बदली, आजार यांपैकी कोणत्या तरी प्रसंगी एकदम वसूल होतो आणि त्या दिवशी सेवा बंद पडते.

वार्षिक ३०० रुपये देणारे ३८४ जण मिळाले तर हा सारा खर्च भागतो. ही संख्या मोठी नाही. वर्षभरात वीस हजार माणसे सेवेचा उपयोग करीत असतील तर शंभरातील दोघांनी पैसे दिले तरी पुरे. मात्र एका तालुक्याच्या बोलीच्या संग्रहास वीस हजार वाचक मिळणे कठीण, हेही कबूल केले पाहिजे. मग संस्थांकडे वळावे लागते. चाळीस महाविद्यालयीन ग्रंथालयांनी प्रत्येकी १,५०० रुपये दिले तर ६०,००० रुपये जमतात व उरलेल्या ५५,००० रुपयांसाठी १८४ व्यक्ती पुरतात. ग्रंथालयांचा पैसा उशिरा येतो, पुष्कळदा मार्चअखेरच्या धांदलीत येतो आणि त्यासाठी देयक, दरपत्रक, पावती यांची कागदपत्रे लागतात. पण एकदा यादीत नाव चढले की तो पैसा सहसा खंडत नाही. व्यक्तीचा उत्साह तितका टिकाऊ नसतो.

येथपर्यंतचा हिशेब कोणीही करू शकेल. त्यापुढचा प्रश्न मात्र भाषेच्या अभ्यासकाच्या प्रांतातील आहे. हे ३०० रुपये कोणत्या नावाने मागावयाचे? मराठीत पैसे देण्याघेण्याची शब्दसंपदा विपुल आहे आणि तीतील प्रत्येक शब्द देणारा व घेणारा यांत निराळे नाते कल्पितो. हे नाते नामापेक्षा त्याच्या सोबतीस येणाऱ्या क्रियापदावरून अधिक स्पष्ट होते. शुल्क ‘आकारले’ जाते. तेथे कर्तृत्व घेणाऱ्याकडे आहे. देणगी ‘दिली’ जाते. तेथे कर्ता देणारा, आणि घेणाऱ्याने फक्त आभार मानावयाचे. वर्गणी मात्र ‘काढली’ जाते, ‘गोळा केली’ जाते, ‘भरली’ जाते. वर्गणी काढणारे आणि भरणारे पुष्कळदा एकाच समूहातील असतात. गणेशोत्सवाची वर्गणी हे त्याचे सर्वांच्या परिचयाचे उदाहरण. तीत हेतू अगोदर सांगितलेला असतो, वाटा साधारण ठरलेला असतो, आणि पुढे वर्गणीदारांची यादी व जमाखर्च फलकावर लावला जावा अशी अपेक्षा असते. न भरणाऱ्यालाही आरतीला उभे राहता येते. प्रसाद त्यालाही मिळतो.

नियतकालिकांनी हाच शब्द उचलला तेव्हा त्याचा अर्थ ‘आगाऊ दिलेली किंमत’ असा संकुचित झाला खरा. पण मूळ छटा पूर्णपणे पुसली गेली नाही. मासिकाचा वर्गणीदार हा गिऱ्हाईक नव्हे. अंक उशिरा आला तर तो रागावतो, तथापि पैसे परत मागत नाही. मासिक अडचणीत आले तर आजीव सभासद होतो. साने गुरुजींनी १५ ऑगस्ट १९४८ रोजी सुरू केलेले ‘साधना’ आजही चालू आहे, त्यामागे अशा वर्गणीदारांचा वाटा आहेच. उलट, नुसत्या वाङ्मयीन प्रतिष्ठेने नियतकालिक जगतेच असे नाही. ‘सत्यकथा’ १९८२ मध्ये बंद झाले.

‘वर्गणीदार’ या शब्दाची जागा आता ‘सबस्क्रायबर’ घेऊ लागला आहे, आणि येथे एक अर्थांतर घडले आहे ते आर्थिकदृष्ट्या घातक आहे. चलच्चित्रे दाखविणाऱ्या मोठ्या व्यासपीठांवर ‘सबस्क्राइब करा’ या विनंतीचा अर्थ ‘बटण दाबा’ एवढाच असतो. त्यास एक पैसाही पडत नाही. परिणामी आजच्या बोलण्यात ‘सबस्क्रायबर’ म्हणजे फुकट अनुयायी. एखाद्या लहान सेवेने पैसे मागण्यासाठी हाच शब्द वापरला तर वाचकास मागणी कळतच नाही, किंवा कळल्यावर फसवणूक झाल्यासारखे वाटते. ‘वर्गणी’ म्हटले की असा घोटाळा होत नाही. जुना शब्द येथे केवळ शुद्धतेच्या आग्रहाखातर नव्हे, तर व्यवहारासाठी उपयोगी आहे.

‘फुकट’ आणि ‘मोफत’ यांचेही असेच. फारसीतून आलेल्या ‘मोफत’मध्ये फक्त मूल्याचा अभाव आहे. ‘फुकट’मध्ये त्याशिवाय ‘वाया’ हा अर्थ आहे: श्रम फुकट जातात, मोफत जात नाहीत. सेवा मोफत ठेवावी की नाही हा धोरणाचा प्रश्न झाला. ती चालविणाऱ्याचे श्रम फुकट जाऊ नयेत हा वेगळा प्रश्न आहे आणि दोहोंची उत्तरे एकच असण्याचे कारण नाही. वापर सर्वांना मोफत व पोषण काहींच्या वर्गणीवर, ही व्यवस्था गणेशोत्सवाच्या मांडवाइतकी मराठी समाजास परिचित आहे.

आणखी एक शब्द विचारात घेण्यासारखा आहे, तो म्हणजे बलुते. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या ‘गावगाडा’ (१९१५) या ग्रंथात या व्यवस्थेचे तपशीलवार वर्णन आहे. सुताराला बलुते मिळे ते वर्षात किती औते दुरुस्त केली त्याच्या संख्येवर नव्हे; औत मोडेल तेव्हा तो गावात हजर असेल, या सिद्धतेबद्दल ते सुगीला खळ्यावर धान्याच्या रूपात मिळे. शब्दकोशाच्या सेवेचे स्वरूप नेमके असेच आहे. एखादा वाचक वर्षातून चारदाच कोश उघडतो. प्रत्येक नोंदीचे पैसे घ्यावयाचे म्हटले तर ते वसूल करण्याचाच खर्च अधिक होईल. त्याला हवी असते ती गरज पडताक्षणी नोंद सापडण्याची खात्री, आणि खात्रीचे मोल वार्षिकच असू शकते. म्हणून तत्त्व म्हणून बलुत्याची आठवण उपयुक्त आहे. शब्द म्हणून तो मुळीच वापरू नये. ती व्यवस्था जातीच्या सक्तीवर उभी होती. धान्याच्या राशीतील वाटा कोणास हक्काने व कोणास अवहेलनेने मिळे हे सर्वश्रुत आहे. दया पवार यांनी १९७८ मध्ये आपल्या आत्मकथनास ‘बलुतं’ हे नाव दिले तेव्हापासून तर या शब्दातील वेदना मराठी वाचकास विसरता येणे शक्य नाही. बलुतेदारास काम सोडण्याची मुभा नव्हती. सेवा चालविणाऱ्यास ती असते, आणि असलीच पाहिजे.

राहिली जाहिरात. अरबी ‘जाहिर’पासून आलेला हा शब्द मूळचा प्रकटीकरणाचा, तीत पैसे देणारा तिसराच असतो. १९०९ मध्ये काशिनाथ रघुनाथ मित्र यांच्या ‘मनोरंजन’ने दिवाळी अंकाची प्रथा सुरू केली आणि पुढे अनेक मासिकांचा वर्षाचा तोटा दिवाळीतील जाहिरातींनी भरून निघू लागला. यात्रेच्या गावातील दुकानदारही असेच अंगारकीच्या आशेवर साधे दिवस काढतो. पण ऑनलाइन जाहिरातींचा दर दर्शनांच्या संख्येवर ठरतो, इंग्रजी पानांच्या मानाने मराठी पानांस तो कमी मिळतो, आणि कोशाच्या पानावर वाचक अर्धे मिनिटही थांबत नाही. शिवाय या उत्पन्नाची वाढ म्हणजे दर्शनांची वाढ. मग नोंद एका पानावर देण्याऐवजी तीन पानांत तोडण्याचा मोह होतो. शास्त्रीय साधनास तो मोह परवडत नाही. आपल्या वाचकास उपयोगी अशा वस्तूंपुरती जाहिरात ठेवणे हा त्यातल्या त्यात बरा मार्ग. ‘मायबोली’ हे अमेरिकेतून चालविले जाणारे मराठी संकेतस्थळ १६ सप्टेंबर १९९६ रोजी, गणेशचतुर्थीच्या दिवशी सुरू झाले; त्याने मराठी पुस्तकांची खरेदी व छोट्या जाहिराती यांचे स्वतंत्र विभाग काढले होते. मराठी मंडळींची ज्यावर एके काळी मोठी वर्दळ होती ते ‘ऑर्कुट’ गुगलसारख्या धनाढ्य कंपनीचे असूनही ३० सप्टेंबर २०१४ रोजी बंद झाले. ‘मायबोली’ त्यानंतरही चालू राहिले.

मोठे ते टिकाऊ हा समज खोडून काढणारे याहून बोलके उदाहरण मराठीबाहेरचे आहे. संकेतस्थळांच्या खुणा जतन करून ठेवण्याची ‘डिलिशस’ ही मोफत सेवा २००३ मध्ये निघाली. २००५ मध्ये ती ‘याहू’ने विकत घेतली आणि पुढे तिचे मालक पुन्हापुन्हा बदलले. मासिए सेग्लोव्स्की या एका गृहस्थाने २००९ मध्ये तशीच ‘पिनबोर्ड’ नावाची सेवा काढली, पण पहिल्या दिवसापासून पैसे घेऊन. आरंभी प्रवेशशुल्क एकदाच घेतले जाई आणि प्रत्येक नव्या सभासदागणिक ते किंचित वाढत असे. २०१५ पासून नव्या सभासदांसाठी वार्षिक शुल्क ठेवण्यात आले. २०१७ मध्ये या एकट्या माणसाच्या सेवेने ‘डिलिशस’च ३५,००० डॉलरांस विकत घेतली. एकदाच घेतलेल्या शुल्काकडून वार्षिक शुल्काकडे त्यास वळावे लागले, हा तपशील ध्यानात ठेवण्यासारखा आहे. आजीव सभासदत्वाने आज रक्कम मोठी दिसते, पण त्या सभासदाचा खर्च पुढे दरवर्षी येत राहतो. आजीव वर्गणी घ्यावयाचीच तर ती मुदतठेवीत ठेवून फक्त व्याज खर्चावे.

वसुलीची अडचण मात्र पूर्वीच्या मानाने फार कमी झाली आहे. व्ही.पी. परत येणे हे जुन्या प्रकाशकांचे नित्याचे दुःख होते. १८८० मध्ये सुरू झालेल्या मनीऑर्डरीस अखेरच्या काळात दर वीस रुपयांस एक रुपया हशील पडे. २०१६ मध्ये आलेल्या यूपीआयने राजूरच्या वाचकास तीस रुपयेही विनाखर्च पाठविता येतात. मध्यस्थ कंपनीमार्फत कार्डाने पैसे घेतल्यास साधारण दोन टक्के अडत व त्यावर अठरा टक्के कर जातो. सारेच तसे आले तर वरच्या हिशेबातील ३८४ ऐवजी ३९३ वर्गणीदार लागतील. दरवर्षी आपोआप वर्गणी वळती होण्याची सोयही आता आहे. मात्र रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार तशी रक्कम कापण्यापूर्वी ग्राहकास चोवीस तास आधी सूचना जाते. पुष्कळ चालकांस ही सूचना नकोशी वाटते. वस्तुतः न वापरणाऱ्याकडून विस्मरणाने येणारा पैसा हा या हिशेबातील सर्वांत कच्चा पैसा होय.

नावाचा प्रश्न कायद्यापाशी पुन्हा उभा राहतो, आणि तेथे तो शैलीचा राहत नाही. परदेशी स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांनी पैसे पाठविले असे समजू. पाठविणाऱ्याने परदेशाचे नागरिकत्व घेतले असेल आणि रक्कम ‘देणगी’ म्हणून आली असेल, तर ती विदेशी अंशदान (विनियमन) अधिनियम, २०१० च्या कक्षेत जाते व नोंदणीवाचून स्वीकारता येत नाही. भारतीय पारपत्र असलेल्याने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठविलेली रक्कम त्या कक्षेत येत नाही. तसेच धंद्याच्या रीतसर व्यवहारात सेवेचे मूल्य म्हणून घेतलेली रक्कमही अंशदान ठरत नाही. म्हणजे तीच व्यक्ती, तीच रक्कम, तीच सेवा. शब्द आणि त्यामागचा व्यवहार बदलला की कायदा बदलतो. इकडे मूल्य घेतले की वस्तू व सेवा कराचा विचार येतो; तथापि सेवांसाठी वार्षिक वीस लाख रुपयांपर्यंतच्या उलाढालीस सर्वसाधारणपणे नोंदणी लागत नाही आणि राजूरच्या कल्पित संग्रहाची उलाढाल त्याच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी आहे. उलट, चालकाच्या वैयक्तिक खात्यात परक्यांच्या देणग्या वर्षाला ५०,००० रुपयांहून अधिक जमल्या तर त्या प्राप्तीकरास पात्र होतात. विश्वस्त संस्था स्थापिल्याने काही सवलती मिळतात, पण तिचे वार्षिक हिशेब, लेखापरीक्षण, फेरफाराच्या नोंदी यांचा भार एक-दोघांच्या सेवेस बहुधा पेलवत नाही. अशा सेवेने प्रथम एकल व्यवसाय म्हणून उघडपणे मूल्य घ्यावे, पावती द्यावी आणि ‘देणगी’ हा शब्द आपल्या पानावरून काढून टाकावा, हे अधिक सरळ दिसते.

वर्गणीच्या जुन्या रीतीतील फलकावरचा जमाखर्चही येथे आणता येतो. वर्षातून एकदा किती जमले, किती लागले, चालकांनी स्वतः किती घेतले हे सेवेच्या पानावर लिहावे. चालकांनी मोबदला घेतल्याचा आकडा लिहिण्यास मराठी माणूस संकोचतो; विद्येचे काम करणाऱ्याने पैशाचे नाव काढू नये, असा एक संस्कार त्यामागे आहे. केतकरांस तो संकोच नव्हता.

शेवटी सेवा बंद करण्याची तजवीजही आरंभीच्या हिशेबात हवी. राजूरच्या कल्पित संग्रहापुरते सांगावयाचे तर यंत्राच्या एका वर्षाच्या खर्चाचे १५,००० रुपये वेगळे ठेवावेत आणि दरवर्षी वर्गणी जमली की संग्रहाची पूर्ण प्रत, ध्वनिमुद्रणांसह, विद्यापीठाच्या ग्रंथालयात व निदान आणखी एका संस्थेत जमा करावी. डेक्कन कॉलेजने राज्य मराठी विकास संस्थेच्या साहाय्याने मराठी बोलींचे जे सर्वेक्षण केले त्याची सामग्री ऑनलाइन आहे. लहान संग्रहाची नोंदपद्धती तिच्याशी जुळती ठेवली तर चालक थकल्यावर तो संग्रह दुसऱ्या कोणास सामावून घेणे सोपे जाईल. प्रत जमा केल्याची तारीख त्याच जमाखर्चाच्या पानावर, शेवटच्या ओळीत लिहावी.